दहाच्या आत

कामतघरला वऱ्हाळदेवी तलावाच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालताना घर कुठे संपलं आणि कारखाना कुठे सुरू झाला, हे डोळ्यांना पटकन कळत नाही. कानांना कळतं. पत्र्याच्या छपराखाली धोटे आपटत असतात, आणि तो आवाज इतका सलग असतो की माग बंद पडला की मगच दचकायला होतं. दारावर पाटी बहुधा नसते. भिंतीवर विजेचे मीटर मात्र असतात, कधी एकाच भिंतीवर शेजारी शेजारी तीन-चार.

या छपराखाली किती माणसं काम करतात?

प्रश्न साधा वाटतो. पण भारतात कारखान्याचा कायदा लागू होतो की नाही, सरकारी निरीक्षक दार ठोठावू शकतो की नाही, हे गेली जवळपास दीडशे वर्षं याच एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आलं आहे. १८८१ साली उत्तर शंभर असावं लागे. १८९१ साली पन्नास. १९२२ साली वीस. १९४८ साली दहा. आणि २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत, पुन्हा वीस. जो आकडा चढउतार करत पणजोबांच्या काळात जाऊन बसला, त्याचा हा इतिहास आहे. आणि त्या आकड्याच्या बरोबर खाली उभ्या राहिलेल्या एका शहराचा.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासूनच करावी लागते, कारण भारतातला कारखाना कायदा हा मुळात मुंबईच्या कापडामुळे झाला. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांमधल्या परिस्थितीची चौकशी करायला एक कमिशन नेमलं. कमिशनवर गिरणीमालकांचा भरणा होता, आणि बहुमत अर्थातच ‘कायद्याची गरज नाही’ या बाजूचं होतं. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी समाजसुधारकाने तरीही कायद्याचा आग्रह सोडला नाही. दुसरीकडे लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही भारतात कायदा हवाच होता, पण त्यामागचं कारण दया हे नव्हतं. मुंबईचा मजूर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबतो, म्हणून मुंबईचं सूत स्वस्त पडतं, हे त्यांना खुपत होतं. त्यामुळे आपल्याकडची राष्ट्रीय विचारांची बरीच वर्तमानपत्रं या कायद्याच्या विरोधात उभी राहिली. देशी उद्योग बुडवायचा हा साहेबाचा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. हा युक्तिवाद पूर्ण खोटा नव्हता. फक्त त्यात सात वर्षांच्या पोराचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

१८८१ चा पहिला कायदा शंभर किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, एवढाच त्याचा गाभा. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल अवाक्षर नाही. आणि पाळतो कोण हे बघायचं कोणी? खास निरीक्षक नेमला नसेल तिथे जिल्हा मॅजिस्ट्रेटने. म्हणजे ज्याच्याकडे महसूल, पोलीस, दुष्काळ आणि दंगे होते, त्याच्याच टेबलावर आणखी एक कागद ठेवला गेला. ही तरतूद जुनाट म्हणून हसण्यासारखी नाही, कारण १९४८ च्या कारखाना अधिनियमातही जिल्हा दंडाधिकारी हा आपल्या जिल्ह्याचा पदसिद्ध निरीक्षक होताच.

१८८२ मध्ये इंग्लंडहून मीड किंग नावाचा एक अनुभवी कारखाना निरीक्षक मुंबईला काही महिन्यांसाठी उसना आणावा लागला. इथे हे काम कसं करतात हे माहीत असलेलं माणूसच नव्हतं.

या काळात नारायण मेघाजी लोखंडे नसते तर ही सगळी गोष्ट अहवाल आणि निरीक्षकांचीच राहिली असती. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, ‘दीनबंधु’चा संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या दुसऱ्या कमिशनपुढे गेलं. मागण्या वाचल्या तर आजही ओळखीच्या वाटतील: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार ठरलेल्या तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर काहीतरी भरपाई. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लक्षात घ्या, १८९१ चा कायदा याच्यानंतर आला. रविवार आधी मैदानात मिळाला आणि मग कागदावर आला. निरीक्षकाने तो दिला नाही, पण पुढे तो टिकवायला निरीक्षक लागला.

त्यानंतरची पन्नास वर्षं भराभर सांगता येतात. १८९१ ला शंभराचे पन्नास झाले. १९११ ला कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचे तास पहिल्यांदा बांधले गेले, दिवसाला बारा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली आणि भारत तिचा सुरुवातीपासूनचा सदस्य. त्याचा परिणाम १९२२ च्या कायद्यात दिसतो. पन्नासाचे वीस झाले, आठवडा साठ तासांचा झाला. १९२९ मध्ये व्हिटली कमिशन आलं, ज्यावर आपल्याकडचे ना. म. जोशी होते. १९३१ च्या त्याच्या अहवालाचं एक फळ बऱ्याच उशिरा पिकलं. एप्रिल १९४५ मध्ये केंद्र सरकारने मुख्य कामगार आयुक्ताचं कार्यालय उघडलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कामगार कायद्यांची अंमलबजावणी आणि तंटे सोडवणं यासाठी देशपातळीवर उभी राहिलेली ही यंत्रणा आजही आहे.

पण कामतघरच्या मागावरच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. रेल्वे, बंदरं, खाणी, बँका अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगांपुरतीच ती. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असला, तरी कापडाच्या खासगी कारखान्यासाठी ‘समुचित सरकार’ म्हणजे राज्य सरकार. आणि राज्याकडेही एक खातं नाही, दोन. कारखाना अधिनियम राबवत आलं ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. किमान वेतन, तंटे, इतर कायदे कामगार आयुक्तांकडे. म्हणजे मागाच्या पट्ट्यात हात गेला तर एका दारात जायचं आणि पगार बुडाला तर दुसऱ्या. भिवंडीत नव्याने आलेल्या गोंडा-बस्तीच्या किंवा करीमनगरच्या माणसाने हा फरक कसा ओळखायचा, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

१९४८ चा कारखाना अधिनियम हा मात्र मनापासून केलेला कायदा वाटतो. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं पुरेत, विजेविना वीस. आठवड्याला ४८ तास, दिवसाला नऊ. जादा कामाला दुप्पट मजुरी. वर्षात २४० दिवस भरले की पगारी रजा. त्याच्या आगेमागेच, ७ एप्रिल १९४९ ला, भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार मान्य केला. तो करार सांगतो की निरीक्षकाला दिवसा वा रात्री, आगाऊ सूचना न देता, तपासणीस पात्र असलेल्या कुठल्याही कामाच्या जागी शिरता आलं पाहिजे, आणि गरज असेल तितक्या वेळा व तितक्या बारकाईने तपासणी झाली पाहिजे.

या कायद्यातली दोन कलमं मला फार बोलकी वाटतात. कलम १०३ म्हणतं की काम चालू असताना, यंत्रं फिरत असताना जो माणूस कारखान्यात सापडेल, तो तिथला कामगारच आहे असं धरलं जाईल. तसं नाही हे दुसऱ्याने सिद्ध करावं. ‘साहेब, हा तर माझा पाहुणा आहे, डबा द्यायला आलाय’ हे उत्तर कायदा करणाऱ्यांनी आधीच ऐकलेलं होतं. आणि कलम १०५ म्हणतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त निरीक्षकाच्या तक्रारीवरून, किंवा त्याच्या लेखी पूर्वपरवानगीने केलेल्या तक्रारीवरूनच घेईल. त्यापुढचं कलम तीन महिन्यांची मुदत घालतं. या दोन कलमांच्या मधे भारतीय कामगार अडकलेला होता. पहिलं कलम त्याच्यावर विश्वास ठेवतं. दुसरं सांगतं की तू स्वतः कोर्टात जाऊ शकत नाहीस, निरीक्षक आला तर ठीक. आणि निरीक्षकाने यायचं तर आधी ती जागा ‘कारखाना’ असायला हवी.

इथे भिवंडी येते.

१८५७ नंतर उत्तरेतून निघालेले मोमीन विणकर मालेगावप्रमाणेच भिवंडीतही वसले. तेव्हा हातमाग होते. १९३० च्या दशकात वीज आणि यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्या जे जुने माग भंगारात काढत, ते विकत घेऊन भिवंडीत पुन्हा उभे केले जात. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पद्मानगर-कामतघर भागातल्या तेलुगू दुकानांच्या पाट्या आणि देवळं हा त्याचाच माग. नंतर उत्तर प्रदेश, बिहारातून एकेकटे पुरुष आले, जे खानावळीला ‘भिस्सी’ म्हणतात आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा होतो.

स्वातंत्र्यानंतरच्या धोरणांनी भिवंडी घडवली असं म्हटलं तर फार चुकणार नाही. हातमाग वाचवायचा म्हणून १९५६ नंतर मोठ्या गिरण्यांना माग वाढवायला जवळपास मनाई झाली. पण हातमागाला दिलेली मोकळी जागा यंत्रमागाने बळकावली. अबकारी करात चार मागांपर्यंतच्या लहान मालकाला सवलत होती, म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर भाऊ, बायको, मेहुणा यांच्या नावांवर वाटले जाऊ लागले. ही युक्ती कामगार कायदा चुकवायला शोधली गेली असं सगळे म्हणतात, पण माझ्या मते ती आधी कर चुकवायला शिकली गेली आणि मग कामगार कायद्याला फुकटात लागू पडली.

हिशेब समजून घ्या. समजा एका खात्यात २४ माग आहेत आणि एकेक कारागीर सहा माग सांभाळतो. एका पाळीला चार कारागीर, बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे आठ. एक कांडी भरणारा, एक मुकादम. झाले दहा. कायद्यात १९७६ मध्ये स्पष्टच घातलं गेलं की मोजताना सगळ्या पाळ्यांतली माणसं धरायची. म्हणजे हा कारखाना. पण तेच २४ माग बारा-बाराचे दोन ‘उद्योग’ झाले, एक थोरल्याच्या नावावर आणि एक धाकट्याच्या, की प्रत्येकात पाच माणसं. मधे भिंत नसली तरी चालते. दोन नावं आणि दोन मीटर पुरतात. कायद्याच्या कलम ४ खाली सरकार दोन कारखाने एकच धरू शकत असे, पण कधी? एकाच भोगवटादाराचे असतील तर. कलम ८५ खाली राज्य सरकार दहाच्या आतल्या जागांनाही अधिसूचनेने कायदा लावू शकत असे, पण मालक फक्त घरच्या माणसांसह काम करत असेल ती जागा त्यातून वगळलेली होती. चोरवाटा म्हणाव्यात तर या चोरवाटा नव्हत्या, सरळ राजरस्ते होते.

आणि दहाच्या खाली गेलं की फक्त तास आणि रजाच जात नाहीत. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहाला सुरू होई. राज्य विमा योजना दहाला. भविष्य निर्वाह निधी आणि बोनस वीसला. एक आकडा चुकवला की एका फटक्यात म्हातारपण, आजारपण आणि दिवाळी तिन्ही चुकतात.

एक कायदा मात्र डोकी मोजत नव्हता. १९४८ चाच किमान वेतन अधिनियम. अनुसूचित उद्योगात एक माणूस असला तरी तो लागू, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचीत यंत्रमाग उद्योग होता. त्याचेही निरीक्षक वेगळे होते. मग भिवंडीत तो का पोचला नाही? कारण मजुरी तासावर नाही, मीटरवर आहे. सूत तुटकं आलं, वीज गेली, बीम संपला आणि दुसरा चढायला वेळ लागला, तर ती वेळ कामगाराची. महिन्याच्या शेवटी हातात आलेल्या रकमेला बारा तासांच्या दिवसांनी भागलं तरच कळणार की ती किमान वेतनाच्या वर आहे की खाली, आणि भागाकारासाठी लागणारी हजेरी कुठेच नोंदलेली नसते. वेतन कमी मिळालं तर सहा महिन्यांत दावा करता येत असे आणि फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येत असे. कायदा कडक होता. पण दावा करणाऱ्याने पहिल्या तारखेला हे दाखवायचं की मी इथे कामाला होतो. भिस्सीवाल्याच्या वहीत त्याचं नाव, खाडे, उधारी सगळं असतं. मालकाच्या वहीत असतंच असं नाही.

इथे मला दोन वेगळ्या धंद्यांची आठवण काढावीशी वाटते, कारण ‘असंघटित क्षेत्रात कायदा पोचूच शकत नाही’ हे वाक्य आपण फार सहज गिळतो.

पहिला धंदा विडीचा. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य असा खटला आला. प्रश्न हा की विडी कारखान्यात येऊन तुकड्यावर विड्या वळणारा माणूस कारखाना अधिनियमाखाली ‘कामगार’ आहे का, त्याला पगारी रजा आहे का. बहुमताने निकाल दिला की नाही. तो हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा जातो, त्याच्या कामावर देखरेख नाही. न्या. सुब्बाराव यांनी वेगळं मत नोंदवलं. न्यायालयाने दार लावलं, पण पाच वर्षांनी, १९६६ मध्ये, संसदेने खास विडी व सिगार कामगारांसाठी कायदा केला आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्यात आणलं. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय. पण कायद्याने माणसं मोजायचं सोडून धंद्याकडे पाहिलं.

दुसरा धंदा हमालीचा. हमालाचा मालक कोण, हा प्रश्न मागवाल्याच्या मालकापेक्षाही अवघड. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाठी उचलल्या, दुपारी दुसऱ्याच्या. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यानंतर महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. त्यात डोक्यांचा आकडाच नाही. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. मालक मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ कामगाराला पगार देतं, निधी, रजा, बोनसची सोय करतं. मालक बदलले तरी कामगाराचं खातं तेच. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेलेली आहे, तेव्हा या व्यवस्थेला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. पण ती इथे, याच राज्यात, सुचली आणि चालली. कापडाची गाठ उचलणाऱ्या माणसासाठी सुचली. तेच कापड विणणाऱ्यासाठी सुचली नाही. यंत्रमाग कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण मंडळ हवं ही मागणी अनेक वर्षं होते आहे.

कामगारांचं बळ असेल तिथे सरकारी अधिकारी वेगळा दिसतो, हेही नमूद करायला हवं. इचलकरंजीतही माग आहेत, तिथेही मालक छोटे आहेत. पण तिथे लाल बावट्याची जुनी संघटना आहे, आणि मजुरीच्या दराची बोलणी कामगार खात्याच्या मध्यस्थीने होतात; २०१३ च्या सुरुवातीला त्यासाठी मोठा संपही झाला. भिवंडीत गावाकडून आलेला, सणाला आणि कापणीला परत जाणारा, उचल घेऊन बांधलेला कारागीर आहे. त्याला एकत्र आणणं कठीण, आणि १९७० व १९८४ च्या दंगलींनी शहराला जे दुभंगलं, त्यानंतर तर फारच.

भिवंडीचं भाग्य ज्या वर्षी फळफळलं, ते वर्ष मुंबईसाठी काळं होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. मुद्दा वेतनाचा होता आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचाही, ज्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलायचा हक्क दिला होता. गिरण्या बंद असताना गिरण्यांच्या नावाचं कापड विणलं कुठे गेलं? मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांवर. ज्या गिरणीत मस्टर होतं, निरीक्षक येत होता, आठ तासांची पाळी होती, तिथून काम उठलं आणि जिथे यातलं काहीच नव्हतं तिथे जाऊन बसलं. शंभर वर्षं घासून मिळवलेला कायदा मोडावा लागला नाही. काम तेवढं चाळीस किलोमीटर सरकलं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माग थांबले. मीटरवर मजुरी असलेल्या माणसाला माग थांबला की उत्पन्न शून्य. भिवंडीतून माणसं पायी, सायकलवर, टेम्पोत नाशिकच्या दिशेने निघाली. मे महिन्याच्या सुरुवातीला कामतघरपासून फार लांब नसलेल्या भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी खास गाडी सुटली. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ पासून एक कायदा होता. कंत्राटदाराने आणलेल्या पाच किंवा अधिक परप्रांतीय कामगारांची नोंदणी, पासबुक, गावी जायचा प्रवासखर्च, सगळं त्यात होतं. पासबुकं असती तर गाडीत कोणाला बसवायचं आणि कोणाला मजुरी द्यायची याची यादी सरकारकडे तयार असती. प्रत्यक्षात माणसं पोलीस ठाण्यांबाहेर अर्ज भरत रांगेत उभी होती. त्या सप्टेंबरात केंद्रीय कामगार मंत्रालयाने संसदेत सांगितलं की वाटेत मेलेल्या स्थलांतरितांची आकडेवारी त्यांच्याकडे नाही. माणूस जिवंत असताना ज्या वहीत नव्हता, त्या वहीत मेल्यावर कसा येणार?

मोजायची इच्छा असली की सरकारला मोजता येतं, हे मात्र भिवंडीतच दिसतं. २००७ पासून इथली वीज टोरंट ही खासगी कंपनी वाटते आणि प्रत्येक मागाच्या मोटरचा हिशेब तिच्याकडे असतो. राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणात यंत्रमागाच्या वीज सवलतीसाठी २७ अश्वशक्तीची रेषा आहे. तिच्या खाली एक दर, वर दुसरा, आणि सवलत हवी तर नोंदणी करा. मालकांनी त्यावर आंदोलनं केली, पण नोंदणीही केली. म्हणजे कुठल्या खात्यात किती माग आहेत हे सरकारला कळू शकतं. माग दिसले की मागामागे माणूसही असणार. त्या एकाच कागदावर सवलत घेताना कामगारांची नावं लिहायला लावणं अशक्य होतं का? मला तरी वाटत नाही.

दरम्यान दिल्लीत वारं उलट्या दिशेला फिरलं होतं. ‘इन्स्पेक्टर राज’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला, आणि तो अगदी निराधारही नाही. पाकीट घेऊन सही करणारा निरीक्षक ही काही कोणी रचलेली दंतकथा नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने श्रम सुविधा पोर्टल सुरू केलं. कुठे तपासणी करायची हे आता संगणक ठरवणार. त्याच वर्षी राजस्थानने कारखान्याचा आकडा दहाचा वीस केला आणि महाराष्ट्रासकट इतर राज्यांतही तीच हवा वाहू लागली. मग चार संहिता आल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. विजेवरचा कारखाना म्हणजे आता वीस माणसं, विजेविना चाळीस. दहाला ‘आस्थापना’ धरून काही जबाबदाऱ्या ठेवल्या आहेत, हे खरं. निरीक्षकाचं नावही बदललं. तो आता निरीक्षक आणि सुविधा पुरवणारा असा जोडनावाचा अधिकारी आहे. वेतन संहितेखाली त्याने खटला भरण्याआधी मालकाला सुधारायची एक संधी दिली पाहिजे. पाकीट घेणाऱ्या माणसावरचा उपाय म्हणून माणूसच बोथट करणं मला पटत नाही. पोलीस लाच घेतो म्हणून आपण फौजदारी कायद्याची मर्यादा वीस चोऱ्यांवर नेत नाही.

कामतघरच्या जुन्या गणितातच बोलायचं, तर आता २४ माग दोन नावांवर वाटायचीही गरज उरली नाही. दहा माणसांचं ते खातं एका नावावर, एका मीटरवर, उघड चालवलं तरी कायद्याच्या दृष्टीने तो ‘कारखाना’ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. भिवंडीत बारा तासांची पाळी ही बातमी नव्हती.

नव्या कायद्यांत कामगाराच्या बाजूचं काहीच नाही असं म्हणणं मात्र लबाडीचं होईल. वेतन संहितेत किमान वेतन सगळ्या कामांना आहे. दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली. पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. तक्रार घेऊन न्यायालयात जायला कामगार स्वतः किंवा त्याची नोंदलेली युनियन चालते; कलम १०५ चं जुनं कुलूप निदान वेतनापुरतं उघडलं आहे. आणि नियुक्तिपत्र द्यायला हवं असंही आता लिहिलेलं आहे.

त्या पत्राबद्दल मला खरी उत्सुकता आहे. भिवंडीत जागा एकाची असते, ती भाड्याने घेऊन माग चालवणारा दुसरा, सूत देऊन मीटरच्या दराने कापड विणून नेणारा व्यापारी तिसरा, आणि कारागिराला गावाहून आणणारा, उचल देणारा, हजेरी लावणारा मुकादम चौथा. कामतघरातल्या एखाद्या कारागिराच्या हातात ते पत्र पडलं, तर खाली सही यांपैकी कोणाची असेल?